कॉन्व्हेंटची दोन दारे

१/
विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द ज्या अर्थाने चालतो, तो ऐकून रोममधला कोणीही धर्मपंडित बुचकळ्यात पडेल. ‘पोराला कॉन्व्हेंटात घातले’ म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत घातले, इतकेच. संस्थाचालक माळकरी असू शकतो, शाळेला एखाद्या देवीचे नाव असू शकते. पाटीवर शब्द ‘कॉन्व्हेंट’च. वधूवरांच्या जाहिरातींत तर ‘कॉन्व्हेंट-शिक्षित’ हे विशेषण वर्षानुवर्षे गोऱ्या रंगाच्या शेजारी बसत आले. मूळ अर्थ धर्मभगिनींचा मठ. मठाला जोडून मुलींची शाळा आली, शाळेला जोडून इंग्रजी आली. पुढे मठही गळाला, मुलीही गळाल्या आणि इंग्रजी तेवढी उरली.

२/
हा धागा त्या गळालेल्या भागाविषयी आहे. कॅथलिक मुलींच्या माध्यमिक शाळा आपल्या माहितीपत्रकांत दोन शब्द नेमाने छापतात: मूल्ये आणि संधी. त्यांतला दुसरा शब्द नेमका कोणत्या मुलींसाठी आहे, हे पत्रकात सहसा नसते. ते इतिहासात मात्र स्पष्ट दिसते. त्यासाठी एकच परंपरा घेऊ. ती यॉर्कशरमध्ये सुरू होते, फ्लँडर्स, म्युनिक आणि डब्लिनमार्गे कोलकात्यात येते आणि आज ‘लोरेटो’ या नावाने ओळखली जाते.

३/
मेरी वॉर्डचा जन्म १५८५ मध्ये यॉर्कशरमधल्या एका कॅथलिक घराण्यात झाला. तेव्हा इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणे हा दंडनीय उद्योग होता. तिच्या आजीने धर्मापायी अनेक वर्षे तुरुंगात काढली होती. १६०५ मध्ये पार्लमेंट उडवून देण्याचा जो दारूगोळ्याचा कट उघडकीस आला, त्यात तिचे दोन मामा सामील होते आणि त्यातच ते मारले गेले. घरात धर्म होता, पण तो लपवलेला. धर्मशिक्षण, प्रार्थना, पाद्र्यांना आसरा देणे हे सारे बहुतांशी घरातल्या बायकाच सांभाळत. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चर्चच्या अधिकृत रचनेत बायकांना जे काम करण्याची मुभा नव्हती, ते संकटकाळात त्याच करत होत्या.

४/
विशीत ती समुद्र ओलांडून सेंट-ओमेरला गेली आणि तिथल्या ‘पूअर क्लेअर’ मठात दाखल झाली. मठांतही तेव्हा दोन वर्ग असत. हुंडा घेऊन आलेल्या, लॅटिन प्रार्थना म्हणणाऱ्या भगिनी वरच्या. स्वयंपाक, धुणीभांडी आणि बाहेरची कामे करणाऱ्या खालच्या. खानदानी घरातली ही मुलगी खालच्या वर्गात घेतली गेली. मठासाठी दारोदार भिक्षा मागणे हे तिचे काम. पुढे तिच्याच परंपरेतल्या शाळांनी जी उतरंड शतकानुशतके जपली, तिच्या तळाशी संस्थापिका स्वतः काही काळ उभी होती.

५/
तिथून बाहेर पडून १६०९ च्या सुमारास तिने काही मैत्रिणींसह सेंट-ओमेरमध्येच स्वतःचा संघ उभारला आणि मुलींची शाळा काढली. अडचण वेगळीच होती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मभगिनींना मठाच्या भिंतीआड राहणे सक्तीचे केले होते. मेरी वॉर्डला भिंत नको होती, ठरावीक वेष नको होता, स्थानिक बिशपची हुकमत नको होती. तिला जेझुइट पुरुषांचीच घटना हवी होती, बायकांसाठी: कोठेही जाण्याचे, शिकवण्याचे आणि आपल्यातल्याच एका प्रमुखेला उत्तर देण्याचे स्वातंत्र्य. मुलींना लॅटिन शिकवले जाई, त्या नाटके करत. विरोधकांनी या बायकांना ‘जेझुइटिणी’ म्हटले, ‘चौखूर उधळणाऱ्या पोरी’ म्हटले.

६/
१६१७ मध्ये एका पाद्र्याने अशा आशयाचा शेरा मारला की या बायकांचा उत्साह आज आहे, उद्या विरेल. शेवटी त्या बायकाच. मेरी वॉर्डने आपल्या सहकारिणींपुढे त्याला उत्तर दिले. उत्साह विरतो तो माणूस अपूर्ण असतो म्हणून, बाई असते म्हणून नव्हे, आणि येणाऱ्या काळात बायका पुष्कळ काही करून दाखवतील, हे त्याचे सार. आजच्या लोरेटो शाळांच्या भिंतींवर या भाषणातले शेवटचे वाक्य हमखास रंगवलेले असते. त्याआधीचा युक्तिवाद क्वचितच असतो, आणि खरी धार तर त्यातच आहे.

७/
१६२१ मध्ये मान्यता मिळवण्यासाठी ती फ्लँडर्सहून निघाली आणि आल्प्स ओलांडून पायी रोमला पोहोचली. मान्यता मिळाली नाही. म्युनिक, व्हिएन्ना येथे शाळा निघाल्या, चालल्या. रोममधली बंद पडली. १६३१ मध्ये पोप आठवा अर्बन याने आज्ञापत्र काढून संपूर्ण संघच विसर्जित केला. मेरी वॉर्डला पाखंडी ठरवून म्युनिकच्या एका मठात सुमारे दोन महिने कोंडण्यात आले. तिथून ती सहकारिणींना लिंबाच्या रसाने पत्रे लिही; कागद शेकला की अक्षरे उमटत. मुलींना शिकवण्याच्या हट्टापायी चर्चनेच तुरुंगात टाकलेली बाई ही या शाळांची आद्य ‘आदर्श विद्यार्थिनी’ आहे. ‘आज्ञाधारकपणा’ हे मूल्य फळ्यावर लिहिताना हे विसरता कामा नये.

८/
पुढची तारखावळ एखाद्या दिवाणी दाव्यासारखी आहे. १७०३ मध्ये संघाच्या नियमांना मान्यता. १७४९ मध्ये पुन्हा बजावणी की मेरी वॉर्डला संस्थापिका म्हणायचे नाही. १८७७ मध्ये संघाला मान्यता. १९०९ मध्ये, म्हणजे सेंट-ओमेरच्या आरंभानंतर तीनशे वर्षांनी, तिला संस्थापिका म्हणण्याची परवानगी. मधल्या काळात शाळा चालूच होत्या. काम आधी, परवानगी नंतर.

९/
यॉर्कमध्ये १६८६ साली या परंपरेतले ‘बार कॉन्व्हेंट’ उभे राहिले. कायद्याच्या भीतीने तिथल्या भगिनी सामान्य बायकांच्या वेषात राहत. अठराव्या शतकात बांधलेल्या प्रार्थनामंदिराचा घुमट त्यांनी साध्या उतरत्या छपराखाली लपवला. तो आजही रस्त्यावरून दिसत नाही. इथे शिकलेली डब्लिनची फ्रान्सिस टेरेसा बॉल १८२१ मध्ये आयर्लंडला परतली आणि रॅथफार्नमच्या वाड्यात तिने मठ व शाळा काढली. इटलीतल्या तीर्थक्षेत्रावरून तिने त्याला नाव दिले लोरेटो.

१०/
इथून दोन दारांची गोष्ट सुरू होते. एकोणिसाव्या शतकातल्या कॉन्व्हेंटांची घडी साधारण एकसारखी असे. एक निवासी शाळा, फी भरू शकणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी: फ्रेंच, पियानो, चित्रकला, भरतकाम. तिच्याच आवारात किंवा शेजारी गरिबांची मोफत शाळा: वाचन, लेखन, शिवण, धर्मशिक्षण. पहिलीच्या उत्पन्नावर दुसरी चाले. अनेक ठिकाणी दोघींची दारे वेगळी, वेळा वेगळ्या, प्रार्थनेच्या जागाही वेगळ्या. याला ढोंग म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. दुसरे दार त्या काळी इतर पुष्कळांनी ठेवलेच नव्हते. तरीही मुलगी शाळेत जे पाहते ते शिकते, आणि ती रोज दोन दारे पाहत होती.

११/
दुसरी बाजूही तितक्याच जोराने मांडली पाहिजे. विसाव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये लग्न झाले की प्राथमिक शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे. हा नियम १९३० च्या दशकात आला आणि १९५८ मध्ये गेला. सरकारी नोकरीतली अशीच बंदी १९७३ पर्यंत टिकली. अशा देशात एका मुलीला मुख्याध्यापिका, हिशेबनीस, इमारत बांधून घेणारी, विज्ञानाची प्रयोगशाळा चालवणारी, बँकेशी आणि बिशपशी घासाघीस करणारी बाई रोज कोठे दिसणार? कॉन्व्हेंटमध्ये. त्या बाईने संसार सोडला होता, ही त्या अधिकाराची किंमत. ती कोणी मोकळेपणाने बोलून दाखवत नसे. मुलींना मात्र कळत असावी.

१२/
त्याच आयर्लंडमध्ये इतर काही संघांच्या धुलाईघरांत बायकांना कोंडून बिनपगारी राबवले गेले. त्याबद्दल आयरिश सरकारने २०१३ मध्ये माफी मागितली. धर्मभगिनींच्या हाती सत्ता आली म्हणजे ती आपोआप मायेची होते, असे नाही. आणि सर्वांसाठी मोफत माध्यमिक शिक्षण आयर्लंडला मिळाले ते १९६७ मध्ये, शासनाच्या निर्णयाने. दीडशे वर्षांच्या दानशूरपणाला जे जमले नाही, ते एका अर्थसंकल्पाने केले.

१३/
आता कोलकाता. १८४१ च्या अखेरीस आयर्लंडहून काही तरुण लोरेटो भगिनी जहाजाने तिथे आल्या आणि १८४२ मध्ये मिडलटन रो येथे लोरेटो हाउस सुरू झाले. ही भारतातली त्यांची पहिली शाळा. घडी तीच: एकीकडे युरोपीय आणि अँग्लो-इंडियन घरांतल्या मुली, दुसरीकडे अनाथालय. फरक इतकाच की आयर्लंडमध्ये दोन दारांमधले अंतर पैशाचे होते, इथे त्यात रंग आणि भाषा मिसळली. भारतीय मुली मोठ्या संख्येने आत आल्या त्या बऱ्याच उशिरा, आणि आल्या त्या बहुधा अशा घरांतल्या, ज्यांना सारीच दारे खुली होती.

१४/
एंटालीच्या आवारात याच संघाची सेंट मेरीज ही बंगाली माध्यमाची शाळा होती. अल्बेनियन वंशाची एक भगिनी तिथे १९३१ पासून भूगोल-इतिहास शिकवत होती. १९४४ मध्ये ती मुख्याध्यापिका झाली. भिंतीपलीकडे मोतीझीलची वस्ती होती. १९४८ मध्ये ती फाटकाबाहेर पडली. जग तिला मदर टेरेसा म्हणून ओळखते. तिच्या पहिल्या सहकारिणींपैकी कित्येक तिच्या माजी विद्यार्थिनीच होत्या. म्हणजे शाळेने मूल्ये शिकवली होती हे खरे. पण ती आचरण्यासाठी त्यांना शाळा सोडून जावे लागले. हा शाळेचा गौरव की शाळेवरचा ठपका, यावर दोन मते होऊ शकतात. माहितीपत्रके पहिलेच मत छापतात.

१५/
१९७९ मध्ये मदर टेरेसांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी सियालदह स्टेशनाजवळच्या लोरेटो डे स्कूलमध्ये एक नवी मुख्याध्यापिका आली. तिकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. सिस्टर सिरिल मूनी, जन्म आयर्लंडमधला, १९५६ पासून भारतात, प्राणिशास्त्रातली डॉक्टरेट. शाळा चांगली होती, फी घेणारी होती. फी न भरणाऱ्या मुली शंभराच्या आत. सिस्टर सिरिल यांनी फाटकाबाहेर जाण्याऐवजी बाहेरच्यांना आत घेतले. प्रवेश वाढवत नेले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस चौदाशेच्या आसपास मुलींपैकी निम्म्या फी न देणाऱ्या होत्या. वेगळ्या पाळीत नाही, वेगळ्या इमारतीत नाही. त्याच वर्गात, त्याच बाकावर.

१६/
१९८५ पासून ‘रेनबो’ उपक्रम सुरू झाला. सियालदह परिसरात रस्त्यावर राहणाऱ्या मुलींनी शाळेत केव्हाही यावे, जमेल तितका वेळ बसावे. त्यांना शिकवायचे कोणी? पाचवी व पुढच्या इयत्तांतल्या नियमित विद्यार्थिनींनी, एकीने एकीला, कार्यानुभवाच्या तासाला. इतर शाळांत याच तासाला टाकाऊपासून टिकाऊ फुलदाण्या होतात. पुढे कित्येक मुली रात्रीही शाळेतच राहू लागल्या. शिवाय शाळेच्या मुली दर आठवड्याला खेड्यांतल्या शाळांत शिकवायला जात. अनवाणी शिक्षकांचे, म्हणजे शाळांपासून दूरच्या वस्त्यांत शिकवू शकणाऱ्या तरुणांचे, प्रशिक्षणही इथेच होई. युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार १९९४ मध्ये आला, पद्मश्री २००७ मध्ये. सिस्टर सिरिल २०११ पर्यंत पदावर होत्या. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

१७/
यात ‘सेवा’ हा शब्द टाळलेला बरा. बारा वर्षांची मुलगी रस्त्यावरच्या दहा वर्षांच्या मुलीला भागाकार शिकवते, तेव्हा तिला स्वतःला भागाकार येतो की नाही हे तिला प्रथमच कळते. आपण जी संधी हक्क समजत होतो ती योगायोगाने मिळाली आहे, हेही कळते. मूल्यशिक्षणाच्या तासिकेने हे साधत नाही. सियालदहचा धडा हा की मूल्य आणि संधी यांचे तास एकाच वेळी ठेवता येतात. संधी वाटून घेणे हाच मूल्याचा तास. त्यामुळे अभ्यासाचा दर्जा घसरतो, हा आक्षेप नेहमी येतो. तो घेणारे लोक दर्जा म्हणजे काय मोजतात, हे आधी विचारले पाहिजे.

१८/
आता कायद्याकडे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात, हे त्यातले बहुचर्चित कलम. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या अनुदानित आणि विनाअनुदानित सर्वच शाळांना या कायद्यातून वगळले. आधार होता घटनेचे कलम ३०(१), म्हणजे अल्पसंख्याकांचा आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क. सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाविषयी शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला.

१९/
राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२१ मध्ये आकडे मांडले: अल्पसंख्याक शाळांत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित विद्यार्थी सुमारे ९ टक्के, आणि ख्रिस्ती शाळांतले जवळपास तीन-चतुर्थांश विद्यार्थी ख्रिस्तेतर. आयोगाच्या हेतूंविषयी संशय घेणारे पुष्कळ आहेत आणि तो संशय निराधार नाही. अल्पसंख्याकांच्या संस्थांवर दबाव आणण्यासाठी गरिबांचे नाव घेतले जाते, हेही खरे. पण आकडा वाईट माणसाने सांगितला म्हणून तो खोटा ठरत नाही. मेरी वॉर्डच्या परंपरेने निदान या आकड्यापुढे थांबायला हवे.

२०/
पळवाट शोधणारे अल्पसंख्याकच आहेत, असेही समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. शहरांत अशी शाळा जवळ नाही अशी जागा शोधून सापडायची नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मधल्या काही महिन्यांत कितीतरी पालक आपल्या मुलांच्या प्रवेशाकडे डोळे लावून बसले होते. त्यांना दुसरे दार नव्हे, तेच दार हवे होते.

२१/
कलम ३० राहिलेच पाहिजे. ज्या संघाला स्वतःच्याच चर्चने अडीचशेहून अधिक वर्षे मान्यता नाकारली, त्याला बाहेरच्या सत्तेपासून स्वायत्ततेची किंमत कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण ही स्वायत्तता मेरी वॉर्डने मागितली ती भिंत पाडण्यासाठी. तिच्याच आधाराने भिंत राखणे, हा त्या हक्काचा विचित्र वापर आहे. सियालदहला कोणत्याही कायद्याने भाग पाडले नव्हते. ती शाळा कायद्याच्या तीस वर्षे आधी सुरुवात करून पंचवीस टक्क्यांच्या दुप्पट पुढे गेली. न्यायालयाचा निकाल काहीही लागो, प्रत्येक कॉन्व्हेंट शाळेने दहावीच्या टक्केवारीशेजारी आणखी एक आकडा फलकावर लावावा: यंदा फी न देता किती मुली शिकत आहेत, आणि त्यांपैकी किती दहावीपर्यंत पोहोचल्या. हा दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा. शिक्षणहक्क कायद्याची हमी चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच. नववीत फीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि घरात एकाचीच फी भरता येत असेल तर ती कोणाची भरली जाते, हे सांगायला नको. मुलींच्या माध्यमिक शाळेची खरी गरज तिथे आहे.

२२/
मेरी वॉर्ड जानेवारी १६४५ मध्ये यॉर्कजवळच्या हेवर्थ गावी वारली. इंग्लंडमध्ये यादवी चालू होती. कॅथलिक बाईला दफनासाठी जागा मिळणे कठीण. ऑस्बल्डविकच्या प्रॉटेस्टंट धर्मगुरूला काही चिरीमिरी देऊन सहकारिणींनी ती मिळवली. थडग्यावरचा दगड आज त्या गावच्या चर्चमध्ये आहे. त्यावर संघाचे नाव नाही, पोपचे नाव नाही, शाळेचा उल्लेख नाही. ते कोरणे धोक्याचे होते. कोरले आहे ते इतके, की गरिबांवर प्रेम करणे, त्यात टिकून राहणे, त्यांच्याबरोबर जगणे, मरणे आणि पुन्हा उठणे हाच या बाईचा उद्देश होता.